पावणेसहा तासांचा हिशेब: लीप वर्ष, संक्रांत आणि धोंड्याचा महिना

सोलापुरात नवं कॅलेंडर भिंतीवर चढलं की एक प्रश्न हमखास निघतो: यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? २०२३ आणि २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती, २०२५ आणि २०२६ साठी १४ जानेवारी, आणि २०२७, २०२८ साठी पुन्हा १५. संक्रांत सरकली की सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा, सगळा क्रम सरकतो: यण्णीमज्जन, भोगीला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, संक्रांतीला होम प्रदीपन. लोक म्हणतात पंचांगवाल्यांनी तारीख बदलली. खरं तर पंचांग सूर्याच्या मागे बिनबोभाट चाललेलं असतं. मागेपुढे होतं ते इंग्रजी कॅलेंडर, आणि त्याचं कारण फेब्रुवारीच्या शेवटी येणारा तो जादा दिवस.

हा दिवस का घालावा लागतो, कधी घालायचा, कधी घालायचा नाही आणि तो घातल्यावर कुठे कुठे गोंधळ होतो, ते क्रमाने पाहू.

वर्ष नेमकं किती दिवसांचं

यासाठी गच्चीवर एक सरळ काठी पुरते. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, १० तारखेच्या अलीकडेपलीकडे, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. (घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, सव्वाबारा उलटून गेलेले असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि सोलापूर त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य साधारण २६ मिनिटं मागे.)

मेमधल्या बिनसावलीच्या क्षणापासून पुढच्या मेमधल्या त्याच क्षणापर्यंत ऋतूंचं एक चक्र पूर्ण होतं. त्याला सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि ४५ सेकंद लागतात. याला सायन वर्ष म्हणतात. पाऊस, थंडी, ऊन, दिवसाची लांबी हे सगळं या वर्षाला बांधलेलं आहे.

अडचण त्या वरच्या पावणेसहा तासांची. कॅलेंडरला अर्धामुर्धा दिवस चालत नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर ५ तास ४८ मिनिटं थांबून मग नवं वर्ष सुरू करू, असं कोणी करत नाही. म्हणून वर्ष ३६५ दिवसांवर तोडायचं आणि उरलेले तास खात्यावर मांडून ठेवायचे. चार वर्षांत ते २३ तास १५ मिनिटं होतात, म्हणजे एका दिवसाला पाऊण तास कमी.

हे खातं कधीच फेडलं नाही तर? शंभर वर्षांत २४ दिवसांची तूट. सोलापुरातला बिनसावलीचा दिवस १० मेवरून ३ जूनला जाईल. साडेसातशे वर्षांत फरक सहा महिन्यांचा होतो, म्हणजे ४०-४२ अंशांचा उन्हाळा नोव्हेंबरच्या पानावर. ही कल्पना नाही. प्राचीन इजिप्तचं नागरी कॅलेंडर नेमक्या ३६५ दिवसांचं होतं आणि त्यांचं नवं वर्ष खरोखरच सगळ्या ऋतूंतून फिरत राहायचं.

रोममधली पहिली फेड आणि पहिली चूक

ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने इ.स.पू. ४५ पासून सोपा नियम आणला: तीन वर्षं ३६५ दिवसांची, चौथं ३६६. त्याआधी रोमचं कॅलेंडर ऋतूंपासून इतकं भरकटलं होतं की ते जागेवर आणायला इ.स.पू. ४६ हे एकच वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

जादा दिवस फेब्रुवारीलाच का? जुन्या रोमन पद्धतीत वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं आणि फेब्रुवारी शेवटचा महिना होता. हिशेब वर्षाच्या शेवटीच मिटवायचा, या रीतीने जोडतोड तिथे व्हायची. सप्टेंबर म्हणजे सातवा आणि डिसेंबर म्हणजे दहावा, ही नावंही मार्चपासून मोजलं तरच जुळतात. रोमन लोक २९ तारीख जोडत नसत हेही सांगायला हवं. ते २४ फेब्रुवारी हाच दिवस दोनदा मोजायचे, आपल्याकडे तिथीची वृद्धी होते तसं.

नियम सोपा होता, पण सीझरच्या मृत्यूनंतर पुरोहितांनी तो चुकवला. ‘दर चौथ्या वर्षी’ याचा अर्थ त्यांनी दोन्ही टोकं धरून मोजला: आधीचं लीप वर्ष पहिलं, मग दुसरं, तिसरं आणि चौथं पुन्हा लीप. म्हणजे प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी. मराठी माणसाला ही चूक चटकन समजेल, कारण आपणही असंच मोजतो. सोमवारी भेटलेला माणूस ‘आठ दिवसांनी या’ म्हणाला की आपण पुढच्या सोमवारीच जातो, मंगळवारी नाही. दोन आठवड्यांना आपण पंधरा दिवस म्हणतो, चौदा नव्हे. बोलण्यात हे खपतं, कॅलेंडरात नाही. छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा लीप वर्षं झाली, आणि सम्राट ऑगस्टसला पुढची तीन लीप वर्षं रद्द करून ती भरपाई करावी लागली.

अकरा मिनिटांचं व्याज

सीझरच्या नियमाने वर्षाची सरासरी ३६५ दिवस ६ तास होते. खरं वर्ष यापेक्षा ११ मिनिटं १५ सेकंदांनी लहान. म्हणजे आता आपण थोडं जास्त फेडत होतो. अकरा मिनिटं ती काय, पण १२८ वर्षांत त्यांचा पूर्ण दिवस होतो.

युरोपात हे लक्षात आलं ते ईस्टरमुळे. ईस्टरची तारीख वसंत संपातावर, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या दिवसावर अवलंबून. इ.स. ३२५ च्या निकिया इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या काळापासून हा दिवस २१ मार्च धरलेला. सोळाव्या शतकात तो प्रत्यक्षात ११ मार्चला पडत होता. साडेबाराशे वर्षं भागिले १२८, जवळपास दहा दिवस. हिशेब चोख.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी फेब्रुवारी १५८२ मध्ये दुरुस्ती जाहीर केली. मूळ योजना अलॉयसियस लिलियस या इटालियन वैद्याची, आणि ती पुढे नेऊन तिचं समर्थन केलं गणिती क्रिस्टोफर क्लाव्हियस यांनी. दुरुस्तीचे दोन भाग होते. पहिला, साचलेले दहा दिवस काढून टाकणे: गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. वार मोडले नाहीत, फक्त तारखा उडाल्या. दुसरा भाग, पुढे दिवस साचू नयेत म्हणून नवा नियम, आणि आपण आजही तोच पाळतो:

चारने भाग जाणारं वर्ष लीप. पण शंभरने भाग जात असेल तर लीप नाही. पण चारशेने भाग जात असेल तर पुन्हा लीप.

या ‘पण’च्या उतरंडीमागे साधं गणित आहे. सीझरच्या नियमात ४०० वर्षांत १०० लीप वर्षं येतात. दर १२८ वर्षांना एक दिवस जास्त, म्हणजे ४०० वर्षांत तीन दिवसांहून जरा अधिक जास्त. म्हणून शंभरातली तीन काढायची. कोणती तीन? लक्षात राहतील अशी: चार शतकवर्षांपैकी तीन. १७००, १८००, १९०० गेली, २००० राहिलं. २१००, २२००, २३०० जातील, २४०० राहील. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, वर्षाची सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटं १२ सेकंद. खऱ्या वर्षापेक्षा फक्त २७ सेकंद जास्त. एक दिवसाची चूक साचायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील.

याहून अचूक नियम करता आला असता का? सहज. दर १२८ वर्षांत ३२ ऐवजी ३१ लीप वर्षं घेतली तर चूक सेकंदाच्याही आत येते. ३३ वर्षांत ८ घेतली तरी ग्रेगरीपेक्षा सरस उत्तर मिळतं. पण पुढचं लीप वर्ष सांगायला १२८ चा पाढा कोण म्हणणार? जो नियम शाळेतलं मूल तोंडी वापरू शकतं तो जिंकला, आणि ते योग्यच झालं.

सगळ्यांनी तो एकदम स्वीकारला नाही. ब्रिटन आणि त्याच्या ताब्यातले प्रदेश १७५२ मध्ये वळले, तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता: २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. रशिया १९१८ मध्ये वळला, तेव्हा १३ दिवस गाळावे लागले. म्हणून अठराव्या शतकातला इंग्रजी कागद वाचताना तो १७५२ च्या आधीचा की नंतरचा, हे पाहूनच तारीख जुळवायची.

तोंडी तपासायचं कसं, आणि लोक चुकतात कुठे

वर्षाचे शेवटचे दोन अंक घ्या. ते शून्य-शून्य नसतील तर त्यांना चारने भागा: २०२८ चे २८, भाग जातो, लीप. २०३० चे ३०, जात नाही. शेवटी शून्य-शून्य असेल तर पुढचे दोन अंक घ्या आणि त्यांनाच चारने भागा: २००० चे २०, भाग जातो, लीप. २१०० चे २१, जात नाही. एवढंच.

चुका बहुतेक वेळा अर्धवट ज्ञानातून होतात. २००० साली गंमत अशी होती की ज्यांना फक्त ‘चारने भाग’ एवढंच ठाऊक होतं त्यांचं उत्तर बरोबर आलं, ज्यांना तिन्ही पायऱ्या ठाऊक होत्या त्यांचंही बरोबर आलं, आणि दोनच पायऱ्या शिकलेले तेवढे फसले.

१९०० च्या अपवादाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मोरारजी देसाईंचं. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. पुढची २९ फेब्रुवारी चार वर्षांनी यायला हवी होती, पण १९०० लीप नव्हतं, म्हणून ती थेट १९०४ मध्ये आली, आठ वर्षांनी. १० एप्रिल १९९५ ला ते वारले तेव्हा वयाची ९९ वर्षं पूर्ण झाली होती आणि तारखेने आलेले वाढदिवस होते २३.

संगणकांची फजिती वेगळीच. एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० अशी कधीच न उगवलेली तारीख दिसेल. त्याआधीच्या लोटस १-२-३ या प्रणालीत १९०० लीप धरलं होतं, आणि जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून पुढे ओढली. रोजच्या कामात त्याने बिघडत नाही, कारण १ मार्च १९०० पासून पुढे सगळं बरोबर आहे. पण जानेवारी-फेब्रुवारी १९०० च्या नोंदींचे वार काढायला बसाल तर एक्सेल एक दिवस चुकीचा सांगेल.

२००८ च्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे संगीतयंत्र जगभर एकदम बंद पडले. वर्षाचा ३६६ वा दिवस आल्यावर काय करायचं हे आज्ञावलीत नीट लिहिलेलं नव्हतं, आणि यंत्र त्याच ओळींत गरगरत राहिलं. त्याच कंपनीची अझुर ही सेवा २९ फेब्रुवारी २०१२ ला कोलमडली. तिथे एका प्रमाणपत्राची मुदत ‘आजपासून एक वर्ष’ म्हणून २९ फेब्रुवारी २०१३ अशी मांडली गेली होती. वर्षाच्या आकड्यात एक मिळवला की पुढच्या वर्षीची तारीख मिळते, हे गृहीतक चार वर्षांतून एकदा हमखास आपटतं. मुदत ठेव, विमा, करारनामा, कशातही ‘एक वर्षानंतर’ लिहिताना २९ फेब्रुवारी असेल तर शेवटची तारीख २८ फेब्रुवारी की १ मार्च, हे अक्षरात लिहून घेतलेलं बरं.

हिशेबनिसांसाठी आणखी एक. जादा दिवस इंग्रजी वर्षाचा, पण आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. २९ फेब्रुवारी २०२४ हा दिवस २०२३-२४ मध्ये पडला. त्यामुळे ३६६ दिवसांचं आर्थिक वर्ष २०२३-२४, आणि २०२४-२५ मात्र ३६५ चंच. पुढचं जादा दिवसाचं आर्थिक वर्ष २०२७-२८. रोजाचं व्याज काढताना छेदात कोणता आकडा घेतला यावर फरक पडतो: एक लाखावर सात टक्क्यांनी ३६५ ने भागून ३६६ दिवसांचं व्याज लावलं तर ७,०१९ रुपये १८ पैसे, ३६६ ने भागलं तर बरोबर ७,०००. रक्कम किरकोळ वाटते, पण ताळेबंद न जुळायला तेवढे एकोणीस रुपये पुरतात.

मग संक्रांत का हलते

आता मूळ प्रश्नाकडे. मकर संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपल्या पंचांगातल्या राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, म्हणजे निरयन. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी यायला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं घेतो. ऋतूंच्या वर्षापेक्षा हे वीस मिनिटांनी मोठं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो, त्याचा हा परिणाम.

म्हणजे संक्रांतीचा क्षण दरवर्षी ६ तास ९ मिनिटं पुढे जातो आणि लीप दिवस आला की एका झटक्यात २४ तास मागे येतो. प्रत्यक्ष वेळा पाहा. २०२३ ला प्रवेश १४ जानेवारीच्या रात्री नवाच्या सुमारास. सूर्यास्तानंतर प्रवेश झाला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी, म्हणून सण १५ ला. २०२४ ला १५ च्या पहाटे तीनच्या आसपास, सण १५ लाच. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये जादा दिवस घातला गेला. २०२५ ला प्रवेश १४ ला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ साठी १४ ला दुपारी तीननंतर, २०२७ साठी १४ ला रात्री नवानंतर. पुन्हा १५ वर.

इथे पुष्कळांची गल्लत होते. त्यांना वाटतं लीप वर्षी संक्रांत अलीकडे यायला हवी. पण संक्रांत जानेवारीत, जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी. लीप वर्षाच्या संक्रांतीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. उलट चार वर्षांची थकबाकी पूर्ण साचलेली असते, म्हणून लीप वर्षाची संक्रांत चौघांत सगळ्यात उशिरा. फेड दिसते ती पुढच्या वर्षी.

शेजारी वसंत संपाताच्या वेळा ठेवल्या की चित्र पुरं होतं. २०२४ मध्ये तो २० मार्चला सकाळी ८:३६ वाजता होता. २०२५ ला दुपारी अडीच, २०२६ साठी रात्री सव्वाआठ, २०२७ साठी मध्यरात्र ओलांडून २१ मार्चला पहाटे दोनच्या सुमारास. २०२८ मध्ये जादा दिवस मार्चच्या आधीच आलेला असल्याने तो पुन्हा २० ला, सकाळी पावणेआठच्या सुमारास. चार वर्षांत संपात पाऊण तास मागे आला. त्याच चार वर्षांत संक्रांत ३७ मिनिटं पुढे जाते. एकच २९ फेब्रुवारी, पण एकाला ती जास्त पडते आणि दुसऱ्याला कमी. ऋतूंचा पाऊण तास २१०० सालचं लीप वर्ष गाळून वळता केला जाईल. संक्रांतीची तूट मात्र कोणी भरून काढत नाही, कारण ग्रेगरींचा नियम तिच्यासाठी बनलेलाच नाही.

गाळलेली लीप वर्षं धरली तर ही तूट सरासरीने साधारण ७२ वर्षांना एक दिवस होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली म्हणून ‘मराठ्यांवर त्या संक्रांतीला संक्रांत आली’ असं सर्रास सांगितलं जातं. तारीख खरी, पण त्या वर्षी सूर्य मकरेत चार दिवस आधीच गेला होता. आजची १४ जानेवारी मागे नेऊन चिकटवल्यामुळे झालेला हा समज. पुढे पाहिलं तर २१०० ला लीप दिवस नाही, त्यामुळे संक्रांत त्या उडीने एकदम पुढे जाईल आणि २१०१ पासून १६ जानेवारीला येऊ लागेल. गड्ड्याच्या तारखाही तेव्हा त्याप्रमाणे.

जिल्ह्यातला शेतकरी जी पावसाची नक्षत्रं धरतो तीही सूर्याचीच, ताऱ्यांवरून मोजलेली. मृग ७ की ८ जूनला लागतो, हस्त २६ की २७ सप्टेंबरला, हा एका दिवसाचा फरक लीप चक्रातलाच. रब्बी ज्वारीची पेरणी नक्षत्रावर बेतणाऱ्याला त्याने काही अडत नाही. पण दोन-तीनशे वर्षांच्या जुन्या म्हणींतलं नक्षत्र आणि आजचा पाऊस यांत तीन-चार दिवसांचं अंतर पडलेलं आहे, हे विसरू नये.

चंद्राचा लीप महिना

पंढरपूरचा हिशेब याहून निराळा. आषाढी एकादशी २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला, २०२६ साठी २५ जुलै आणि २०२७ साठी १४ जुलै. अकरा दिवस मागे, एकोणीस दिवस पुढे, पुन्हा अकरा मागे. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस, असे बारा महिने ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. इथे थकबाकी तासांची नाही, दिवसांची, म्हणून फेडही अख्ख्या महिन्याने: अधिक मास, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तो. सरासरीने तो साडेबत्तीस महिन्यांनी येतो.

कोणता महिना अधिक हे कोणी ठरवत नाही, ते आकाशातच ठरतं. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. २०२६ चं उदाहरण घ्या. सूर्य वृषभेत १५ मेला. त्यानंतर १६ मेच्या मध्यरात्रीनंतर अमावास्या संपून नवा महिना सुरू. तो महिना १५ जूनच्या सकाळी संपतो आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. चार-पाच तासांनी हुकलं, मधल्या महिन्यात संक्रांत नाही, म्हणून तो अधिक ज्येष्ठ. पुढचा खरा ज्येष्ठ, त्याला निज म्हणायचं.

अधिक मास चैत्र ते आश्विन या महिन्यांतच का जास्त दिसतो, याचंही कारण आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगाने धावते. सूर्य धनू आणि मकर या राशी साडेएकोणतीस दिवसांच्या आत ओलांडतो, मिथुनेत मात्र साडेएकतीस दिवस रेंगाळतो. लांब सौर महिन्यात चांद्रमास सहज मावतो, तिथे संक्रांत चुकायची शक्यता जास्त. थंडीत उलटं. क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिनाच गळतो, त्याला क्षयमास म्हणतात. १९८२-८३ मध्ये माघाचा असा क्षय झाला, आणि त्याच्या अलीकडे अधिक आश्विन व पलीकडे अधिक फाल्गुन असे दोन अधिक मास आले.

हिजरी कॅलेंडर चंद्राचंच, पण त्यात अधिक महिना घालत नाहीत. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. त्याच वर्षी पुढे अधिक श्रावण पडला. २०२४ ला आषाढी १७ जुलैला गेली आणि बकरी ईद १७ जूनला आली. एका महिन्याचा हा फरक म्हणजे तो अधिक श्रावणच.

सरकारी शक कॅलेंडर चंद्र धरत नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते आखलं आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ते लागू झालं. त्यातलं लीप ओळखायला शकाच्या आकड्यात ७८ मिळवायचे: १९४६ अधिक ७८ म्हणजे २०२४, लीप. त्या वर्षी चैत्र २२ ऐवजी २१ मार्चला सुरू होतो आणि ३० ऐवजी ३१ दिवसांचा असतो. गुढीपाडव्याशी याचा संबंध नाही, तो चांद्र चैत्राचा.

जुनी कॅलेंडरं पुन्हा टांगायची असतील तर

साधं वर्ष म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. १५ ऑगस्ट २०२३ ला मंगळवारी होता, २०२४ ला बुधवार लंघून गुरुवारी गेला, २०२५ ला शुक्रवारी. लीप म्हणजे उडी, ती हीच.

याच उडीमुळे लीप वर्षाचं कॅलेंडर जसंच्या तसं २८ वर्षांनीच परत येतं: १९९६ चं २०२४ ला चाललं, २०२४ चं २०५२ ला चालेल. साधी वर्षं लवकर परततात, सहा किंवा अकरा वर्षांनी: २०२६ साठी २०१५ चं चालतं आणि २०२६ चं २०३७ ला चालेल. मध्ये २१०० सारखं गाळलेलं लीप वर्ष आलं की हे आकडे मोडतात. संपूर्ण चक्र ४०० वर्षांचं, कारण तेवढ्या काळात बरोबर १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला सातने नि:शेष भाग जातो.

पण जुन्या कॅलेंडरावर फक्त तारीख आणि वार पाहावेत. तिथ्या हव्या असतील तर १९ वर्षांपूर्वीचं काढा, कारण तेवढ्या काळात २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. २००७ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून होता, २०२६ चाही १७ मे ते १५ जून. तिथे वार चुकतील. २००७ ला १७ मेला गुरुवार होता, २०२६ साठी त्या तारखेला रविवार. आणि एकोणीस वर्षांनीही तिथी कधीकधी एका दिवसाने सरकते, म्हणून उपास धरायचा असेल तर त्या वर्षीचं पंचांगच उघडावं.